होडीतला प्रश्न : सिंधुदुर्ग आणि ऐतिह्य

आपण यवतमाळची माणसं. आपलं पाणी म्हणजे वर्धा, पैनगंगा, बेंबळा; उन्हाळ्यात तर तेही शोधावं लागतं. एसटी पुलावर आली की खिडकीतून नदीत नाणं टाकायचं, एवढाच आपला पाण्याशी धार्मिक व्यवहार. तेव्हा बेटावर होडीनं जायचं म्हटल्यावर आम्ही जुने सहकारी मालवणच्या धक्क्यावर पोचलो ते थेट तिकिटाच्या खिडकीशी. होडीत बसलो, समोर सिंधुदुर्ग. नावाड्यानं विचारलं, "मोरयाच्या धोंड्यार जावन इलात?"

कुणीच गेलं नव्हतं. तो पुढं काही बोलला नाही, पण आमचं काहीतरी चुकलं एवढं कळलं.

हा धोंडा मालवणच्या किनाऱ्यावर आहे. खडकावर गणपती, शिवलिंग, सूर्य, चंद्र कोरलेले. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी तिथं पूजा केली आणि मग समोरच्या कुरटे बेटावर किल्ल्याचं काम सुरू झालं, असं मालवण सांगतं.

आता आमचा विषय तत्त्वज्ञान. उभा जन्म प्रमाणं शिकवली. आपल्याकडे 'ऐतिह्य' नावाची एक गोष्ट आहे. मूळ कोण बोललं ते ठाऊक नाही, पण लोक पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलेत, असं वाक्य. ठरलेलं उदाहरण : या वडावर यक्ष राहतो. पौराणिक ऐतिह्याला स्वतंत्र प्रमाण मानतात. नैयायिक म्हणतात, वेगळं कशाला? ते शब्दप्रमाणातच आलं. आणि शब्द हवा तो विश्वासू माणसाचा. आम्ही वर्गात कायम नैयायिकांच्या बाजूनं. तो यक्ष सांगून मुलांना हसवायचो, बरं का! होडीत मात्र हसू आलं नाही. कारण नावाडी आम्हांला काही सांगतच नव्हता. तुम्ही केलंत का, एवढंच विचारत होता. वाक्य खरं की खोटं हे ठरवता येतं. रीतीचं काय ठरवणार?

किल्ल्यात राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे. मूर्ती वीरासनात, दाढी नाही, डोक्यावर नावाड्यासारखी टोपी. कॅलेंडरवरचे महाराज ते हे नव्हेत. महाराज दिसायचे कसे, याचा पुरावा म्हणून आम्ही ही मूर्ती पुढं करणार नाही. पण दर्यावर्दी माणसांच्या मनात त्यांचं रूप कसं बसलं असेल, याचा तर्क तिच्यावरून करता येतो, आणि असा दाखला दफ्तरात सापडत नाही. दरवाज्याजवळ चुन्यात हाताचा आणि पायाचा ठसा आहे, तो महाराजांचाच म्हणतात. हात तर आम्हीही जोडले. शपथेवर मात्र सांगणार नाही!

उलट बाजू पाहा. १७६५ मध्ये इंग्रजांनी हा किल्ला घेतला आणि त्याला नाव दिलं फोर्ट ऑगस्टस. पुढच्याच वर्षी तो करवीरकरांकडे परत गेला. १८१२ मध्ये इंग्रज पुन्हा आले, राहिले; पण ते नाव कुणाच्या तोंडी बसलं नाही. आपल्या जिल्ह्याचंही कागदावरचं नाव १९०५ पर्यंत वणीवरून होतं. कुणाला आठवतंय का? इकडे नारळी पौर्णिमेला आधी किल्ल्यावरून मानाचा नारळ समुद्राला जातो, मग मालवणच्या व्यापाऱ्यांचा. हा क्रम तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक.

आमची काळजी वेगळी आहे. किल्ल्यावर आता मोजकीच घरं उरलीत. पावसाळ्यात पर्यटकांच्या होड्या बंद असतात. दूध-दही-साखर अशा नावांच्या तिथल्या तीन गोड्या विहिरींवर माणसं राहिली, म्हणून पूजेत खंड नाही. ही घरं उठली तर १६९५ हे साल पुस्तकात राहील. पण धोंड्यावर जाऊन आलात का, असं विचारणारं कोण असेल?

परतीच्या होडीत नावाडी तोच. आम्ही आपणहून म्हटलं, आता जातो धोंड्यावर. तो हसला. "जावा, पण काळोख पडायच्या आधी."

उलट्या क्रमानं का होईना, गेलो. खडकावर कुणीतरी सकाळी वाहिलेली जास्वंद होती, उन्हानं सुकलेली.