शिकाऊ पोरांच्या हाती ऑपरेशन? मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याचा थोडा इतिहास

मागच्या हिवाळ्यात पारोळ्याकडचे एक बाबा मुलासोबत माझ्या ओपीडीत आले. जांघेत हर्निया, बरीच वर्षं पट्टा लावून ढकललेला. ऑपरेशन करावं लागेल हे त्यांना मान्य होतं, प्रश्न होता कुठे. पारोळ्याहून एका बाजूला धुळे, दुसऱ्या बाजूला जळगाव, आणि आता दोन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे. मुलगा म्हणाला, सिव्हिलला नेऊ, खर्च वाचेल. बाबांनी माझ्याकडे बघून विचारलं, "डॉक्टरसाहेब, तठे शिकाऊ पोरं कापतस ना?"

हा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांच्या मनात असतो, फक्त विचारायचा संकोच वाटतो. "छे हो, तसं काही नसतं" असं सांगून मला मोकळं होता आलं असतं, पण ते खरं नाही. जिथे शिकवतात तिथे शिकणारे असणारच. शिवाय ही भीती पावणेदोनशे वर्षांपूर्वीही होती, आणि तेव्हा ती अगदी रास्त होती.

व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात मेडिकलचे विद्यार्थी शिकायचे, दुसऱ्यात सुईणी. १८४६ साली पहिल्या विभागात ४,०१० बाळंतपणं झाली आणि ४५९ बायका दगावल्या, म्हणजे शंभरात ११हून जास्त. दुसऱ्या विभागात ३,७५४ बाळंतपणं आणि १०५ मृत्यू, शंभरात तीनहून कमी. गावातल्या बायकांना हे आकडे कोणी सांगितले नव्हते, पण त्यांना माहीत होतं. पहिल्या विभागात टाकू नका म्हणून त्या गुडघे टेकून विनवण्या करत.

कारण सापडलं ते इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरला, तेही एका मित्राच्या मृत्यूमुळे. शवविच्छेदन शिकवताना विद्यार्थ्याच्या हातातली सुरी त्या मित्राच्या बोटाला लागली आणि तो बाळंतिणींना होणाऱ्या तापासारख्याच आजाराने गेला. विद्यार्थी आणि डॉक्टर सकाळी मृतदेह हाताळून सरळ बाळंतिणीला तपासायला येत. सुईणी शवविच्छेदनाला जात नसत. मे १८४७ पासून सेमेलवाइसने क्लोरीनच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं. १८४८ साली पहिल्या विभागातलं मृत्यूचं प्रमाण शंभरात सव्वाच्या आसपास आलं.

या गोष्टीतला एक बारकावा बहुतेक वेळा सांगायचा राहून जातो. सुईणीसुद्धा शिकाऊच होत्या! दोन्ही विभागांत नवखे हात होते, आणि तरी एकात बायका वाचत होत्या. शिकणारा हात असणं हा दोष नव्हता, तो न धुतलेला असणं हा होता. आणि हे कळलं कशामुळे? तो दवाखाना रोज किती बाळंतपणं, किती मृत्यू, याची नोंद ठेवत होता म्हणून. त्या काळात एखाद्या खासगी डॉक्टरकडे किती बायका दगावल्या हे मोजणारं कोण होतं?

पुढे प्रश्न आला शिकवायचं कसं. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये १८८९ पासून विल्यम हॉलस्टेड यांनी पायरी-पायरीची पद्धत बसवली. आधी बघायचं, मग मदत करायची, मग वरिष्ठ शेजारी असताना थोडा भाग करायचा, आणि पुष्कळ वर्षांनी स्वतः. (ऑपरेशनचे रबरी हातमोजेही त्यांच्याच थिएटरमधून रूढ झाले. जंतुनाशकाने एका नर्सचे हात सोलवटत, तिच्यासाठी त्यांनी ते बनवून घेतले. पुढे त्यांनी तिच्याशीच लग्न केलं.) आज आपल्याकडचा निवासी डॉक्टर शिकतो तो याच पद्धतीच्या वळणावर.

मीही तसाच शिकलो. माझ्या पहिल्या हर्नियाच्या वेळी चिमटा माझ्या हातात होता आणि माझ्या हातावर सरांचा हात. मी जरा चुकीच्या थरात शिरायला लागलो की ते न बोलता माझं मनगट दाबायचे. त्या ऑपरेशनला नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ लागला.

हे मुद्दाम सांगतो, कारण मोठमोठ्या नोंदींवरून परदेशात जे अभ्यास झाले त्यांचा कल साधारण असाच आहे. निवासी डॉक्टर सहभागी असला की ऑपरेशनला वेळ जास्त लागतो, किरकोळ गुंतागुंत थोडी वाढलेली दिसते, पण मृत्यू वाढलेले दिसत नाहीत. मात्र हे आकडे जिथे वरिष्ठ खरोखर शेजारी उभा असतो तिथले आहेत.

आता आपल्या खानदेशाकडे येऊ. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. हॉस्पिटल १८४५ सालचं, भाऊ दाजी लाड १८५१ साली बाहेर पडलेल्या तिथल्या पहिल्याच तुकडीतले. आपल्याला जवळचं पहिलं सरकारी मेडिकल कॉलेज मिळालं ते १९५६ मध्ये, औरंगाबादला, तेही अजिंठ्याचा घाट ओलांडून. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे कॉलेज १९८०च्या दशकाच्या अखेरीस आलं आणि जळगावचं तर २०१८ मध्ये. म्हणजे "मेडिकल कॉलेजमध्ये करावं का" हा प्रश्न बाबांच्या वडिलांना पडलाच नसता. त्यांच्यापुढे गावचा डॉक्टर होता, नाहीतर मुंबईची रेल्वे.

गरिबाला निवड मिळाली तीही अलीकडेच. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी योजना ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत धुळे होतं, जळगाव पुढच्या टप्प्यात आलं. आताची महात्मा फुले योजना ती हीच. त्याआधी जगभर एक न बोललेला व्यवहार चालत आला होता: गरिबाच्या शरीरावर शिकायचं आणि ते कौशल्य पैसेवाल्यासाठी वापरायचं. आम्हा डॉक्टरांना हे ऐकायला आवडत नाही, पण ते खरं आहे. २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उपचार काय, धोके कोणते, दुसरे पर्याय कोणते हे समजावून घेतलेली संमतीच खरी संमती. त्यामुळे माझं ऑपरेशन कोण करणार हे विचारणं उद्धटपणा नाही. जनरल वॉर्डातल्या माणसानेही ते विचारावं.

माझं मत विचाराल तर मेडिकल कॉलेजमध्ये धोका असलाच तर तो बहुतेक वेळा सुरीच्या टोकाला नसतो. तो दुसरीकडे असतो. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात अपघातात डोक्याला मार लागलेला रुग्ण आला. मेंदूचा सर्जन तिथे नव्हता. दुसरीकडे न्या म्हटल्यावर नातेवाइकांनी ड्युटीवरच्या डॉक्टरला इतकं मारलं की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली, आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. 'कॉलेज' ही पाटी लागली म्हणजे आत सगळं असेल असं लोकांनी धरलं होतं. जून २०२०, कोविडचे दिवस: जळगावला दाखल असलेली एक वृद्ध महिला बेपत्ता म्हणून शोधली जात होती, ती काही दिवसांनी त्याच दवाखान्याच्या शौचालयात मृत सापडली. तिथेही चूक शिकाऊ हाताची नव्हती. वॉर्डात लक्ष ठेवणारे डोळे कमी पडले होते.

म्हणून हर्निया, अपेंडिक्स, हायड्रोसील, हाड बसवणं अशा रोजच्या ऑपरेशनसाठी मी माझ्या रुग्णांना निर्धास्तपणे मेडिकल कॉलेजला पाठवतो. ते हात ही ऑपरेशनं सतत करत असतात, रात्री दोन वाजताही कोणीतरी डॉक्टर जागा असतो, आणि पाच विद्यार्थी येऊन पोट दाबतात त्याचा वैताग आला तरी एकाचं चुकलेलं दुसऱ्याच्या लक्षात येतं. मोजक्याच ठिकाणी होणाऱ्या ऑपरेशनसाठी मात्र तिथे तो तज्ज्ञ आणि आयसीयू आहे का, हे आधी विचारून मगच निघा. तारीख पुढे जाण्याची तयारी ठेवा. माझ्या एका नातेवाइकाची तारीख एका दवाखान्यात तीनदा पुढे गेली, तिन्ही वेळा उपाशी ठेवून.

आणखी एक गोंधळ दूर करतो. एमबीबीएसचे विद्यार्थी ऑपरेशन करत नाहीत, ते बघतात. ज्याला तुम्ही शिकाऊ म्हणता तो निवासी म्हणजे एमबीबीएस पूर्ण केलेला डॉक्टर असतो, सर्जरी शिकत असलेला. ओपीडीला ज्या युनिटच्या वारी जाल त्याच युनिटकडे तुम्ही दाखल होता, म्हणून आधी वार विचारा. योजनेत कोणतं ऑपरेशन कुठे बसतं हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

बाबा गेले. टाके काढून झाल्यावर पुन्हा मला दाखवायला आले, पट्टा मुलाच्या पिशवीत. कोणी केलं ऑपरेशन, मी विचारलं. "एक पोरगी होती, तिसऱ्या वर्षाची. मोठे डॉक्टर बाजूला उभे होते, सारखे तिला काहीतरी सांगत होते." कमरेखालचाच भाग बधिर केलेला असल्याने बाबांनी ते सगळं ऐकलं होतं. मग ते मला समजावून सांगू लागले, जाळी कोणत्या थराखाली सरकवतात ते.