पादचारी सदृशीकरण, एजंट-आधारित

रस्ता, बाजारपेठ, रेल्वे स्थानक अशा ठिकाणी चालणाऱ्या माणसांचे वर्तन संगणकावर उभे करण्याची पद्धत. यात प्रत्येक पादचारी म्हणजे स्वतःपुरते निर्णय घेणारा एक प्रोग्रॅम, म्हणजे एजंट असतो. गर्दीची एकूण चाल आधी ठरवलेली नसते. ती या निर्णयांतून घडत जाते.

पूर्वपीठिका : जॉन फ्रुइन यांनी १९७१ मध्ये पदपथांवरील गर्दीच्या श्रेणी मांडल्या. क्रेग रेनल्ड्स यांनी १९८७ मध्ये तीन साध्या नियमांतून पक्ष्यांच्या थव्याची हालचाल साधली. डिर्क हेल्बिंग व पेटर मोल्नार यांच्या ‘सामाजिक बल’ प्रारूपात (१९९५) समोरासमोरून येणाऱ्या माणसांच्या रांगा आपोआप पडताना दिसल्या.

‘स्ट्रीट्स’ : लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये शेलहॉर्न, ओ’सलिव्हन, हकले व थर्स्टन-गुडविन यांनी १९९९ मध्ये मांडलेले हे प्रारूप नगररचनेच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. लोकसंख्या व उत्पन्नविषयक माहितीवरून आधी शहराच्या मध्यभागी येणारे पादचारी तयार केले जातात. मग त्यांना रस्त्यांवर सोडले जाते. एजंटच्या वर्तनाचे पाच स्तर आहेत. सर्वांत खालचा पुढचे पाऊल मोकळ्या जागी पडते का ते पाहतो. त्यावरचे दोन दिशा सांभाळतात. चौथा पुढचा टप्पा निवडतो. पाचवा संपूर्ण फेरीचा बेत आखतो. बेताला चिकटून राहण्याची वृत्ती प्रत्येकात कमीजास्त असते. ती कमी असलेला एजंट नजरेच्या टप्प्यात आकर्षक दुकान आले की वाट सोडून आत शिरतो. माणूस बाजारात असाच वागतो. त्याला केवळ ढकलला जाणारा कण मानल्यास हे निसटते.

चित्रपट : ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधील सैन्यांसाठी ‘मॅसिव्ह’ ही एजंट-आधारित प्रणाली वापरली गेली.

पडताळणी : जास्त घाईने दार अधिक तुंबते, या सदृशीकरणातून २००० मध्ये निघालेल्या निष्कर्षाबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. चट्टराज, झायफ्रीड व चक्रवर्ती यांच्या एकेरी रांगेच्या प्रयोगांत (२००९) गर्दी वाढली तरी भारतीयांचा वेग जर्मनांइतका घटला नाही. त्यामुळे परदेशी मोजमापे जशीच्या तशी इथे वापरणे धोक्याचे ठरते. मुंबईत एलफिन्स्टन रोड (आता प्रभादेवी) स्थानकाच्या पादचारी पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी चेंगराचेंगरीत २३ जण दगावले. अशा पुलांचे आराखडे तपासताना एजंटांचा वेग व परस्परांतील अंतर तिथल्याच प्रवाशांच्या निरीक्षणावरून ठरवणे आवश्यक आहे.