पेलादा (माहितीपट)

पेलादा हा रस्त्यावर, मोकळ्या जागांत आणि वस्त्यांमध्ये खेळल्या जाणाऱ्या अनौपचारिक फुटबॉलवरील अमेरिकन माहितीपट आहे. तो २०१० साली प्रदर्शित झाला. ग्वेंडोलिन ऑक्सनहॅम, ल्यूक बॉगेन, रिबेका फर्ग्युसन आणि रायन व्हाइट या चौघांनी त्याचे दिग्दर्शन केले असून, त्यांनी २५ देशांत केलेल्या प्रवासाचे चित्रण त्यात आहे.

शीर्षक

‘पेलादा’ या पोर्तुगीज शब्दाचा मूळ अर्थ ‘नग्न’ असा आहे. ब्राझीलमध्ये गणवेश, पंच वा आखलेले मैदान यांवाचून रंगणाऱ्या सामन्याला हेच नाव आहे. त्रिनिदादमध्ये अशा खेळाला ‘घाम गाळणे’ या अर्थाचा शब्दप्रयोग रूढ आहे. मराठी वाचकाला ‘गल्ली क्रिकेट’वरून याची कल्पना यावी.

पार्श्वभूमी

ऑक्सनहॅम वयाच्या सोळाव्या वर्षी ड्यूक विद्यापीठाच्या संघातून खेळू लागल्या. अमेरिकेतील स्त्रियांची व्यावसायिक फुटबॉल लीग २००३ साली बंद पडली आणि पदवी मिळाली तेव्हा, विसाव्या वर्षी, त्यांच्यापुढे व्यावसायिक खेळाचा मार्गच उरला नाही. बॉगेन हे नोटर डेम विद्यापीठाचे माजी खेळाडू. कारकीर्द संपल्यानंतर खेळाडूपाशी खेळाचे काय उरते, हा या दोघांचा स्वतःचा प्रश्न होता आणि चित्रपटाला प्रवासवर्णनापलीकडे नेणारा धागाही तोच आहे.

चित्रीकरण आणि आशय

ऑक्सनहॅम व बॉगेन पडद्यावर खेळाडू म्हणून दिसतात. फर्ग्युसन व व्हाइट यांनी प्रामुख्याने कॅमेरा सांभाळला. अनोळखी गावात चेंडू घेऊन जायचे, खेळ चालू असेल तेथे सामील होण्याची परवानगी मागायची आणि मग खेळणाऱ्यांशी बोलायचे, अशी त्यांची साधी रीत होती. निवेदक स्वतःच खेळात उतरल्यामुळे समोरची माणसे मुलाखत देणाऱ्यांसारखी अवघडून बसत नाहीत.

बोलिव्हियातील ला पाझ शहरातील सान पेद्रो तुरुंगात हा चमू लाच देऊन शिरला आणि कैद्यांबरोबर खेळला. नैरोबीमध्ये हातभट्टीची दारू गाळणाऱ्यांशी शिलिंगांची पैज लावून सामना झाला. जेरुसलेममधील भागात ज्यू आणि अरब खेळाडू एकाच मैदानावर दिसतात, तर चीनमध्ये चेंडूच्या कसरती करणारे तरुण भेटतात.

इराणमधील भाग सर्वांत बोलका म्हणावा लागेल. तेहरानमध्ये ऑक्सनहॅम हिजाब घालून खेळणाऱ्या स्त्रियांबरोबर खेळल्या. त्या काळी तेथे स्त्रियांना पुरुषांचे सामने स्टेडियममध्ये जाऊन पाहण्यास मनाई होती. इतर देशांत सहज मिळणारी ‘आम्हीही खेळू का?’ या प्रश्नाची मोकळीक येथे मुळात कोणाला असते, हे या प्रसंगातून उघड होते.

एवढे देश एकाच चित्रपटात बसवल्याने बहुतेक ठिकाणांचा मुक्काम पडद्यावर थोडक्यात आटोपतो. माणसे ओळखीची वाटू लागतात तोच पुढचा देश येतो.

पुस्तक आणि पुढील कार्य

याच प्रवासावर ऑक्सनहॅम यांनी लिहिलेले ‘फाइंडिंग द गेम’ हे पुस्तक २०१२ साली प्रसिद्ध झाले. उपशीर्षकानुसार त्यात तीन वर्षे आणि २५ देशांची हकीकत आहे. स्त्रियांच्या फुटबॉलवरील त्यांचे ‘अंडर द लाइट्स अँड इन द डार्क’ हे पुस्तक २०१७ साली आले. व्हाइट यांनी पुढे ‘गुड ओल’ फ्रीडा’ (२०१३) आणि ‘आस्क डॉ. रूथ’ (२०१९) हे माहितीपट दिग्दर्शित केले.