साखरपुड्याची अंगठी आणि १४ कॅरटचा नियम

१/ साखरपुड्याची अंगठी पूर्वी गावच्या सोनाराकडून घडवून घेत. दोऱ्याने घेतलेले बोटाचे माप द्यायचे, घरातला जुना दागिना मोडायला काढायचा, नक्षी व घडणावळ ठरवायची.

२/ जानेवारी १९६३ मध्ये या व्यवहारावर घाला आला. चीनयुद्धानंतर परकीय चलनाची चणचण होती आणि सोन्याच्या तस्करीत ते चलन देशाबाहेर जात होते. अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी आणलेल्या सुवर्ण नियंत्रण नियमांनी १४ कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यास बंदी केली.

३/ २२ कॅरटमध्ये सोने सुमारे ९१.६ टक्के, १४ कॅरटमध्ये अवघे ५८.३, उरलेले तांबे, चांदी यांसारखे धातू. हे मिश्रण ठोकताना लवकर ताठरते. नरम सोन्यावर बसलेला सोनाराचा हात त्यावर चालेना. ग्राहकाच्या लेखी तर ते सोनेच नव्हते.

४/ मागणी आटली. हजारो कारागीर बेकार झाले. काहींनी आत्महत्या केल्या.

५/ त्याच वर्षी सरकारने एक वाट मोकळी केली. ग्राहकाने आणलेला जुना दागिना मोडून त्याच शुद्धतेचा नवा घडवण्याची मुभा स्वतंत्र कारागिरांना मिळाली. आजीच्या पाटलीतून नातसुनेची अंगठी घडवणे पुन्हा कायदेशीर झाले.

६/ १४ कॅरटची अट १९६६ मध्ये उठली. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा मात्र १९९० पर्यंत टिकला. नियमांचा रोख तस्करांवर होता. पहिला फटका बसला तो हातोडी धरणाऱ्यांना.