छतावरची ओल : उपनगरात तपासणीची जबाबदारी कोणाची?

जून संपेपर्यंत अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इथल्या कितीतरी जुन्या सोसायट्यांमध्ये एकच तक्रार सुरू होते : बाथरूमच्या छतावर चहासारखा डाग, भिंतीला पोपडे, कपाटामागे बुरशी. मग वरच्या फ्लॅटवाल्याशी वाद होतो, रंगारी येतो, डाग झाकला जातो. पण आत काय चाललंय हे तपासायची जबाबदारी नक्की कोणाची, आणि हे कधी ठरलं? प्रश्न घरगुती वाटतो, पण त्याचं उत्तर इतिहासात सापडतं.

आधी थोडं विज्ञान बघूया. ताज्या काँक्रीटचा पीएच साधारण 12.5 ते 13 असतो. एवढ्या अल्कधर्मी वातावरणात सळईवर एक पातळ संरक्षक थर तयार होतो आणि ती गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो आणि हा पीएच 9च्या आसपास उतरवतो. समुद्राकडून येणारे क्लोराइड तर पीएच न उतरवताही तो थर फोडतात. त्यात गळतीचं पाणी आलं की गंज सुरू. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या किमान दुप्पट, कधी त्याहून बरंच जास्त असतं. त्यामुळे काँक्रीट आतून फुगतं, सळईच्या रेषेत तडा जातो आणि शेवटी स्लॅबचा तुकडा खाली पडतो.

आता इतिहास. दक्षिण आणि मध्य मुंबईत भाड्याच्या चाळी पडू लागल्या, तेव्हा 1969 मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा आला. इमारतींवर उपकर बसला आणि दुरुस्तीची जबाबदारी शासकीय मंडळाकडे गेली. पण हा कायदा बेट-शहरापुरता होता. उपनगरं 1950 आणि 1957 मध्ये बृहन्मुंबईत आली होती, तरी ती या व्यवस्थेबाहेर राहिली. तिथे वेगळंच घर रुजत होतं. 1960चा सहकारी संस्था कायदा आणि 1963चा मालकी फ्लॅटचा कायदा यांच्या आधारावर मालकीचा फ्लॅट आणि सोसायटी आली. म्हणजे काय झालं, तर शहरात गळकं छत हा सरकारपुढचा प्रश्न ठरला, आणि उपनगरात तोच प्रश्न वार्षिक सभेतला वर्गणीचा विषय झाला. वर्गणी वाढवायला कोण तयार होणार?

बांधकामाचे नियमही तेव्हा आजच्याइतके कडक नव्हते. 1978च्या आयएस 456 मानकात सर्वसाधारण स्लॅबच्या सळईवर किमान 15 मिमी काँक्रीटचं आवरण चालत होतं आणि आरसीसीसाठी एम15 दर्जा पुरेसा होता. 2000च्या आवृत्तीत किनारी हवेतलं काँक्रीट ‘तीव्र’ गटात गेलं. त्यासाठी आवरण 45 मिमी आणि दर्जा एम30 अशी अपेक्षा आली. 1980च्या दशकातल्या इमारती या दोन आकड्यांच्या मधल्या काळातल्या आहेत, हे लक्षात ठेवा.

इथे संशोधक म्हणून एक सावधगिरी. 25 जुलै 2017 रोजी घाटकोपरमध्ये सिद्धी साई ही इमारत कोसळली आणि 17 जणांचा जीव गेला. ‘जुनी इमारत, पावसाळा, म्हणजे ओलीनेच पडली’ असं लिहून टाकायचा मोह होतो. पण तिथे मुख्य आरोप होता तळमजल्यावर चाललेल्या संरचनात्मक फेरफारांचा. ओल इमारत कमकुवत करते, खांबाला हात लावला तर ती लगेच पडू शकते. दोन्ही कारणं वेगळी मोजावी लागतात, आणि दोन्ही बाहेरून सहज दिसत नाहीत.

म्हणूनच स्ट्रक्चरल ऑडिट. मुंबईत 30 वर्षांवरच्या इमारतींना ते कायद्याने लागतं. आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं पाच वर्षांतून एकदा आणि त्यापुढे तीन वर्षांतून एकदा ऑडिट व्हायला हवं. घरमालकांनी न्हाणीखालचा स्लॅब, पाइपांचा डक्ट, छज्जे, गच्चीवरची टाकी आणि तळमजल्याचे खांब आवर्जून दाखवावेत. ठोकल्यावर पोकळ आवाज येतो का, हेही बघायला सांगावं. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन टाकलं आणि ते गुलाबी झालं, तर तिथली अल्कधर्मिता शाबूत आहे. रंगहीन राहिलं, तर कार्बन डायऑक्साइड तिथवर पोचलाय. मात्र क्लोराइड या चाचणीत कळत नाहीत, त्यांची चाचणी वेगळी मागावी लागते.

आणि तुमच्यापैकी कोणी उपनगरांच्या इतिहासावर काम करणार असेल, तर सोसायट्यांच्या सभेची इतिवृत्तं आणि जुने ऑडिट अहवाल मागून बघा. चाचण्या किती ठिकाणी घेतल्या, शिफारस कधी झाली आणि काम कधी झालं, या तारखा शेजारी शेजारी मांडा. कुलूपबंद फ्लॅट आणि फॉल्स सीलिंग लावलेल्या खोल्याही मोजा. तिथे अहवालात ‘दोष आढळला नाही’ असं असेल, तर त्याचा अर्थ बऱ्याचदा ‘बघितलंच नाही’ एवढाच असतो.