टोपणनावाचा आडोसा

केशवसुत, गोविंदाग्रज, बालकवी ही मराठीने कौतुकाने जपलेली टोपणनावे. बाळूताई खरे यांना मात्र टोपणनाव हवे होते ते आडोशासाठी.

१९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने आला. शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित मुलींची घुसमट आणि त्यांच्या मनातली ओढ त्यात उघडपणे मांडली होती. वादळ उठले. ही विभावरी कोण, याचा शोध सुरू झाला. शिक्षणक्षेत्रात काम करणाऱ्या त्या तरुणीला लोकनिंदेची केवढी धास्ती वाटली असेल!

तरी लेखणी थांबली नाही. लवकरच ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी आली.

विश्राम बेडेकरांशी विवाह झाल्यावर त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. १९८१ मध्ये मुंबईच्या समांतर साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्याच होत्या, आणि तेव्हा विभावरी कोण हे अवघ्या महाराष्ट्राला ठाऊक होते.