धुके कोणाच्या हातात: भयमोहिमेचा इतिहास आणि जबलपूरचा रस्ता

आजचा विषय ऐकून आपल्या जुन्या श्रोत्यांच्या भुवया उंचावतील. असई आणि सीताबर्डीवर बोलणारा निवृत्त फौजी आज टेबलावरच्या फाशांच्या खेळावर, आणि तोही भुताखेतांच्या, बोलणार आहे. पण हा खेळ मूळचा आमच्याच घरचा, म्हणजे लष्करातला आहे. त्याचा माग काढत गेलो, तर तो मी राहतो त्या जबलपूरच्या एका जुन्या, अवघड प्रकरणापाशी येऊन थांबतो.

आधी खेळ समजून घेऊ. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यातला एक सूत्रधार असतो. बाकीचे एकेक पात्र घेतात: कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. सूत्रधार प्रसंग सांगतो, "समोर दार आहे, आतून उजेड दिसतो आहे." आपण काय करतो ते खेळाडू सांगतात. ते जमले की फसले, हे फासे ठरवतात. एका बैठकीत गोष्ट संपत नाही, ती महिनोन्‌महिने चालते. अशा लांबलेल्या गोष्टीला इंग्रजीत जो शब्द आहे तोच युद्धमोहिमेलाही आहे, म्हणून मी तिला मोहीमच म्हणतो. गोष्ट भयाची असेल, जुना किल्ला, शापित घराणे, धुके आणि रात्र असेल, तर ती गॉथिक भयमोहीम.

आता मूळ पाहू. 1812 साली प्रशियात फॉन राईसवित्झ नावाच्या एका गृहस्थाने राजाला युद्धाचा खेळ दाखवला. 1824 साली त्याच्या मुलाने, जो तोफखान्यात अधिकारी होता, त्याचे नियम छापले. 1:8000 प्रमाणाचा नकाशा, लाल आणि निळे ठोकळे, फासे, आणि मधे एक पंच. दोन्ही बाजूंनी आपले हुकूम पंचाला द्यायचे. पंचाला सगळे दिसते, पण प्रत्येक बाजूला तो तेवढेच सांगतो, जेवढे तिच्या सैन्याला जागेवरून दिसले असते. टेकडीमागे शत्रूची पलटण असेल, तर ती नकाशावर ठेवायचीच नाही.

फौजेत मी सँड मॉडेलवर पुष्कळ वर्षे घालवली, आणि सिग्नल्समध्ये असल्याने बातमी हाच माझा धंदा होता. त्यावरून सांगतो, लढाईत माणूस शत्रूच्या संख्येला जितका घाबरतो, त्यापेक्षा जास्त न आलेल्या बातमीला घाबरतो. राईसवित्झने नियमात बसवली ती हीच गोष्ट. पुढे 1876 साली फर्डी द्यु फेर्नुआ या प्रशियन अधिकाऱ्याने नियमांची जाडजूड पुस्तके बाजूला सारून पंचाच्या अनुभवी निर्णयावर खेळ सोपवला. पंचाचे वजन आणखी वाढले.

1880 साली अमेरिकेत चार्ल्स टॉटन या लष्करी अधिकाऱ्याने याच धर्तीवर 'स्ट्रॅटेगोस' हे पुस्तक काढले. ते 1960 च्या दशकात मिनेसोटातल्या डेव्हिड वेस्ली या तरुणाच्या हाती लागले. सर्वाधिकारी पंचाची कल्पना त्याने उचलली आणि 1969 साली एका काल्पनिक गावाचा खेळ मांडला. त्यात खेळाडूंना सैन्याऐवजी एकेक माणूस दिला. त्याचा मित्र डेव्ह आर्नेसन याने तो धागा पकडून किल्ला, तळघर आणि राक्षस आणले. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि आर्नेसन यांच्या नावावर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' छापून आला, पहिल्या खेपेस फक्त 1,000 प्रती. आर्नेसनच्या टेबलावर एका खेळाडूचे पात्र रक्तपिपासू पिशाच झाले होते, आणि त्याला आवरायला कोणीतरी हवे म्हणून पिशाचांना पळवून लावणाऱ्या धर्मगुरूचे पात्र जन्माला आले. म्हणजे भय या खेळात पहिल्यापासून आहे.

खरी भयमोहीम मात्र 1983 साली आली. ट्रेसी आणि लॉरा हिकमन या दांपत्याने 'रेव्हनलॉफ्ट' लिहिले. तोवरच्या खेळात पिशाच एखाद्या खोलीत उगाचच उभे असायचे, कशासाठी ते कोणी विचारत नसे. हिकमन दांपत्याने त्याला कारण दिले. स्ट्राड हा सरदार धाकट्या भावाच्या वाग्दत्त वधूवर लुब्ध होतो, मृत्यूशी करार करतो, लग्नाच्याच दिवशी भावाला मारतो. ती मुलगी तटावरून उडी घेते, आणि हा जन्मभर, खरे तर मरणानंतरही, त्या वाड्यात अडकतो. त्याच्या मुलुखाभोवती धुके आहे. बाहेर पडू पाहणाऱ्याचा त्यात जीव घुसमटतो. राईसवित्झच्या पंचाने टेकडीमागे दडवलेली पलटण आणि स्ट्राडचे हे धुके, दोन्ही एकाच कुळातली.

गॉथिक वाङ्मयाची सुरुवात झाली 1764 साली, होरेस वॉलपोलच्या 'द कॅसल ऑफ ओट्रांटो' या कादंबरीमुळे. त्यातला किल्ला आपल्याला परका वाटायचे कारण नाही. आपल्याकडे वाडा आहे. तळघर, बंद माजघर, विहिरीवरचा पिंपळ, आणि पुरलेल्या धनावर बसलेला समंध. नारायण धारपांनी मराठी वाचकाला वाड्याच्या याच अंधारात नेले, आणि 2018 च्या 'तुंबाड' चित्रपटाच्या मुळाशीही त्यांचीच कथा आहे. समंधाचे आणि स्ट्राडचे दुखणे एकच, हातातले सुटत नाही. तेव्हा मराठी माणसाने अशी मोहीम चालवायची, तर परदेशी किल्ला उसना आणण्याची गरज नाही.

मला जागा शोधावी लागली नाही. जबलपूर पुरेसे आहे. मदन महालाचा खडक, भेडाघाटची चौसष्ट योगिनींची गोलाकार ओवरी, संगमरवरी कड्यांमधून जाणारी नर्मदा. पण माझी मोहीम या जागांवर सुरू होत नाही. ती नागपूरहून सिवनी, जबलपूर, मिर्झापूर करत काशीला जाणाऱ्या रस्त्यावर सुरू होते. साल 1829, पाऊस ओसरलेला. एक रजेवर निघालेला शिपाई, एक सावकाराचा गुमास्ता, काशीला निघालेली विधवा आणि तिचा पुतण्या. वाटेत आणखी चौघे सोबतीला येतात. गोड बोलणारे, गाणे म्हणणारे, पाणी भरून देणारे.

हा ठगांचा रस्ता होता. हे प्रवासी बनून सोबत करत, विश्वास संपादन करत, आणि योग्य जागी रुमालाने गळा आवळून, प्रेत पुरून पुढे जात. दक्षिणेत यांना फांसीगर म्हणत. आपल्या मराठीत 'ठक' म्हणजे फसवणारा, आणि ते बरोबरही आहे, कारण रुमालाच्या आधीचे सगळे काम विश्वासाचे होते. त्यांच्या बळींमध्ये रजेवर घरी निघालेले शिपाई बरेच असत. साठवलेला पगार कमरेला, आणि पुढे कित्येक आठवडे त्यांची वाट पाहणारे कोणी नाही. 1810 साली बंगाल सेनेत शिपायांना याबद्दल लेखी इशाराच दिला गेला होता. पलटणीला वाटे तो गावी पोचला, गावाला वाटे तो पलटणीत आहे. रजेच्या अर्जांवर सह्या केलेल्या माणसाला हे वाक्य सहज वाचता येत नाही.

आता दुसरी बाजू. 1817 च्या अखेरीस नागपूरकर भोसल्यांचा हा मुलूख इंग्रजांच्या हाती गेला. बंगाल सेनेतला विल्यम स्लीमन इथे आधी मुलकी अधिकारी आणि नंतर ठगीविरोधी कारवाईचा प्रमुख झाला. त्याचे मुख्य हत्यार होते माफीचा साक्षीदार. पकडलेल्याला जीवदान द्यायचे, बदल्यात त्याने साथीदारांची नावे, घराणी, प्रेतांच्या जागा सांगायच्या. सांगितलेल्या जागी खोदून प्रेते निघालीही. खून खोटे नव्हते, हे आधी नीट लक्षात ठेवू.

पण 1836 चा कायदा पाहा. अमुक खून केला हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. कायदा होण्याआधी किंवा नंतर, कधीही ठगांच्या टोळीत होता एवढे सिद्ध झाले की जन्मठेप. आणि टोळीत होता हे सांगणार कोण, तर जीव वाचवायला निघालेला माफीचा साक्षीदार. त्याच वर्षी स्लीमनचे 'रामासीआना' हे ठगांच्या गुप्त बोलीचे पुस्तक कलकत्त्याला निघाले. 1839 साली निजामाच्या चाकरीतल्या मेडोज टेलरची ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी आली. देवीला बळी देणारा पिढीजात खुन्यांचा देशव्यापी पंथ, हे चित्र इंग्लंडच्या घराघरांत पोचले. ती अस्सल गॉथिक गोष्ट होती, फक्त ती सरकारी दप्तरातून आली होती.

पुढच्या इतिहासकारांनी हे चित्र तपासले. स्ट्युअर्ट गॉर्डन यांनी 1969 साली माळव्यातल्या लुटारू टोळ्यांना अठराव्या शतकातल्या मराठी सत्तेच्या आणि स्थानिक जमीनदारांच्या राजकारणात ठेवून पाहिले. किम वॅग्नर यांनी 2007 च्या पुस्तकात टोळ्या खऱ्या मानल्या, पण एकसंध धर्मपंथाची कल्पना मान्य केली नाही. माझ्या भाषेत सांगायचे तर, इथला पंच एका बाजूचा सेनापतीही होता. नकाशा त्याचा, धुके त्याचे, फासेही त्याचे. जे त्याने सांगितले तेवढेच जगाला दिसले.

आणि हे खेळातले नुकसान नव्हते. जबलपुरात माफीच्या साक्षीदारांना त्यांच्या बायकामुलांसह नजरेखाली ठेवले गेले, त्यांच्यासाठी उद्योगशाळा काढली, तंबू आणि गालिचे विणून घेतले. बापाचा गुन्हा मुलाच्या अंगाला चिकटला. जन्माने गुन्हेगार ही कल्पना इथे रुळली आणि 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात तिने कितीतरी भटक्या जमातींना गाठले. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी सुटला, पण संशय सुटला नाही. तो काय असतो हे मराठी वाचकाला लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'ने सांगितले आहे. पारध्याच्या पालावर आजही चोरी झाली की आधी कोण जाते, हे मी सांगायला नको.

गंमत म्हणा की योगायोग, खेळाच्या जगालाही हाच प्रश्न भेटला. रेव्हनलॉफ्टमध्ये भविष्य सांगणारे, दारुडे, चोरटे भटके लोक होते, युरोपातल्या रोमा समाजाचे उघड व्यंगचित्र. 2020 साली प्रकाशक कंपनीने ते चित्रण चुकीचे असल्याचे मान्य करून मजकुरात दुरुस्त्या केल्या. काहींना तो उगाचचा सोवळेपणा वाटला. मला वाटत नाही. स्ट्राड भयानक वाटतो कारण त्याने स्वतः निवड केली. अख्खी जमात जन्मतः वाईट असेल, तर निवड उरत नाही, आणि निवड नसेल तर भयही उरत नाही. उरतो तो नुसता तिटकारा.

म्हणून माझी मोहीम दोन भागांत चालते. पहिल्या भागात रस्ता. सोबतच्या चौघांपैकी ठग कोण, किंवा कोणी आहे का, हे मी सांगत नाही. प्रत्येक खेळाडूला एकेक चिठ्ठी देतो, त्याने जे पाहिले तेवढेच तिच्यात. एकाला रुमाल दिसतो, दुसऱ्याला तोच माणूस विधवेचे ओझे उचलताना दिसतो. कॉलेजची मुले आणि माझ्या वयाचे निवृत्त, दोघेही या भागात एकमेकांकडे तिरक्या नजरेने पाहू लागतात.

दुसरा भाग जबलपूरच्या कचेरीत. वाचलेले प्रवासी साक्षीला आले आहेत. एक माफीचा साक्षीदार उठतो आणि गुमास्त्याकडे बोट दाखवतो: "हा आमच्यात होता." गुमास्त्याच्या खेळाडूला ठाऊक आहे की हे खोटे आहे. बाकीच्यांना ठाऊक नाही. रस्त्यावर काय पाहिले, हे त्यांना आठवून सांगायचे आहे, आणि त्यांच्या शब्दावर एक माणूस आयुष्यभर आत जाणार आहे. इथे मी फासे उचलून ठेवतो. एरवी बडबडणारे टेबल या क्षणी गप्प होते. त्या शांततेइतके भय मला कुठल्या पिशाचाने देता आलेले नाही.

तुमच्यापैकी कोणी अशी मोहीम चालवणार असाल, तर तीन गोष्टी सांगतो. बसण्याआधी प्रत्येकाला विचारा, कोणता विषय टेबलावर नको, आणि तो शब्द पाळा. खलनायकाला कारण द्या, जात देऊ नका. आणि सगळे दिसणारा माणूस आपणच आहोत हे विसरू नका. राईसवित्झच्या पंचाला खेळ संपल्यावर दोन्ही बाजूंना बोलावून सारा नकाशा उघडा करावा लागे, काय दडवले होते आणि का, ते सांगावे लागे. आम्ही फौजेत प्रत्येक सरावानंतर हेच करत आलो. माझ्या टेबलावर शेवटची बैठक त्यासाठीच राखून ठेवलेली असते. सगळ्या चिठ्ठ्या उलगडून मधे ठेवतो, आणि जो ज्याला ठग समजत होता, त्याला त्याच्याशेजारी बसवतो.